भुयारी स्थानकात ऊन उतरवताना

पुण्याच्या जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकाचा भुयारी भाग ३३.१ मीटर खोल आहे, म्हणजे साधारण दहा मजल्यांएवढा. ऑगस्ट २०२३ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत पोहोचेल असं छत केलंय, हे त्याचं वैशिष्ट्य म्हणून आवर्जून सांगितलं गेलं. देशातल्या सर्वांत खोल स्थानकांपैकी एकाला उन्हाची वाट ठेवली गेली, ती आपल्या गावात ठेवली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. मी वास्तुरचनाकार आहे. भुयारी स्थानकांचे नकाशे काढण्यात, त्यावरून बैठकांमध्ये भांडण्यात आणि देशोदेशीची स्थानकं केवळ बघण्यासाठी वरखाली करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. क्रमाला फारसा अर्थ नाही. पहिला मुद्दा मात्र खरोखरच पहिला आहे.

१. उजेडाची जागा खोदाईच्या आधी राखावी लागते.

भुयारी स्थानक दोन प्रकारे बांधतात. एक, वरून खड्डा खणून, काँक्रीटची पेटी बांधून वर पुन्हा झाकायचं. याला सगळे कट अँड कव्हर म्हणतात. दुसरं, वरची वस्ती तशीच ठेवून खालून बोगद्यासारखं कोरत जायचं. पहिल्या प्रकारात काही काळ सगळा खड्डा उन्हात असतो. सूर्य तळापर्यंत पोहोचलेला असतो आणि पुढची दोन-तीन वर्षं आपण स्लॅबवर स्लॅब टाकून त्याला बाहेर काढत जातो. वरचा रस्ता, त्याखाली पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, मग तिकिटांचा मजला, मग ट्रान्सफॉर्मर, पंखे, वातानुकूलनाची यंत्रं. प्रत्येकाची मागणी रास्त असते. यंत्रवाले सगळ्यात आधी येतात आणि मधली जागा मागतात, कारण तिथून नळ दोन्हीकडे सारखे जातात. उजेडाच्या वतीने बोलायला त्या बैठकीत कुणी नसतं.

म्हणून पहिल्या उभ्या छेदावर, म्हणजे ज्याला आम्ही सेक्शन म्हणतो त्यावर, मी खोल्यांच्या आधी उजेडाची पोकळी काढते आणि तिची लांबी-रुंदी लिहून टाकते. आकडा लिहिलेला असला की ती जागा घेणाऱ्याला ती मागावी लागते, आणि मागितली की चर्चा होते.

लंडनचं कॅनरी व्हार्फ स्थानक यासाठी मुद्दाम बघावं. नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीने ते आखलं, १९९९ मध्ये ते सुरू झालं. जुन्या गोदीतलं पाणी उपसून त्या जागी सुमारे २४ मीटर खोल पेटी बांधली, आणि वर इमारत न चढवता बाग केली. त्या बागेत काचेची तीन फुगीर छतं आहेत. दिवसाचा उजेड आत येतो तो फक्त तिथून. बाकीचं स्थानक बंदिस्त आहे, पण ती मोजकी उघडी जागा बरोबर सरकत्या जिन्यांच्या डोक्यावर ठेवलेली आहे. सगळीकडे थोडाथोडा उजेड वाटण्यापेक्षा एका ठिकाणी भरपूर देण्याचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आणि काही ठिकाणी हे जमत नाही, तेही मान्य करावं. मुंबईच्या मेट्रो ३ वरची गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानकं दाट वस्तीखाली बोगद्याच्या पद्धतीने कोरली आहेत. वर जुन्या इमारती, अरुंद रस्ता. तिथे फलाटावर ऊन मागणं म्हणजे कुणाचं तरी घर मागणं आहे. तिथे दारं आणि जिने उजळ करावेत आणि थांबावं.

२. आपल्या गावचा सूर्य मोजून घ्यावा.

परदेशी स्थानकांची छायाचित्रं दाखवून "असं करा" म्हणणारे ग्राहक भेटतात. त्यांना मी साधी भूमिती करून दाखवते. २० मीटर रुंद आणि ३० मीटर खोल पोकळी घ्या. तिच्या तळाला थेट ऊन लागायचं तर सूर्य क्षितिजापासून निदान ५६ अंश वर हवा. पुण्यात माध्यान्हीचा सूर्य फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तेवढा वर असतो. ऐन डिसेंबरातही तो ४८ अंशांवर असतो. कोपनहेगनमध्ये तोच सूर्य डिसेंबरात जेमतेम ११ अंश वर येतो, आणि ५६ अंश ओलांडतो तो जूनच्या आसपास काही आठवडेच.

कोपनहेगनच्या मेट्रोने, जी २००२ मध्ये सुरू झाली, याच अडचणीवर उपाय काढला. रस्त्यावर काचेचे छोटे पिरॅमिड आहेत आणि त्यांच्या आत लोलक बसवले आहेत. तिरका, अशक्त उजेड ते वळवून खाली पाठवतात. कधी कधी भिंतीवर इंद्रधनुष्याचे तुकडे पडतात. आपल्याला लोलकांची गरज नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, मुलं काठ्या रोवून सावली नाहीशी होताना बघतात. त्या दिवशी सरळ खोल पोकळीतही ऊन काटकोनात तळाशी उतरतं. जुलैअखेरीस सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. इतका उदार सूर्य लाभलेल्या प्रदेशाने आपली स्थानकं पूर्ण अंधारात ठेवावीत, याचं मला वाईट वाटतं.

३. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या दिवशी सोबत घ्यावं.

खोल खड्ड्याच्या दोन्ही भिंतींना माती आणि भूजल आत ढकलत असतं. मधले स्लॅब नुसते चालायला नसतात, ते या भिंतींना एकमेकींपासून दूर धरून ठेवतात. अशा स्लॅबला मधोमध भोक पाडायचं म्हणजे तो आधार तोडायचा. एका अनुभवी इंजिनिअरने मला सुरुवातीच्याच प्रकल्पात सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही मला भोक सांगू नका. भोकाच्या कडेने जोर कसा फिरवायचा ते आपण दोघं मिळून काढू." त्यांच्याकडून मी खूप शिकले. भोकाच्या कडेला जाड तुळयांची चौकट केली की दाब वळसा घालून जातो. खर्च वाढतो, पण काम होतं.

याचं सर्वांत देखणं उत्तर मी बुडापेस्टला पाहिलं. तिथल्या चौथ्या मेट्रो मार्गावर, डॅन्यूब नदीच्या काठी, फ्योव्हाम तेर नावाचं स्थानक आहे. स्पोरा आर्किटेक्ट्स या कचेरीचं, २०१४ मध्ये सुरू झालेलं. भिंतींना दूर धरणाऱ्या काँक्रीटच्या तुळया तिथे लपवलेल्या नाहीत. एकमेकींना तिरक्या छेदत जाणाऱ्या तुळयांचे थर वरपासून खालपर्यंत उघडे ठेवले आहेत आणि वरच्या चौकातल्या काचांमधून उजेड त्यांच्या मधून खाली झिरपतो. जी गोष्ट उजेडाच्या आड येते असं सगळे म्हणाले असते, तिलाच त्यांनी उजेड झेलायला लावलं. फलाटावर उभं राहिलं की वरून जमीन किती जोराने दाबते आहे आणि ती कशी धरून ठेवली आहे, हे न सांगता समजतं. सरकता जिना चढताना एकेक तुळई अगदी जवळून जाते. तिची वरची बाजू उजळ, खालची काळोखी. आपल्याकडे नंतर पत्र्याच्या आणि जिप्समच्या खोट्या छतामागे सगळं झाकतात. त्या पैशात तुळया नीट ओतून घेतल्या, साचा चांगला वापरला, तर झाकायची गरजच उरत नाही.

४. फरशी आणि भिंत निवडताना उजेडाचा हिशेब करावा.

खोल पोकळीत उजेड एकदम तळाशी जात नाही, भिंतींवर आपटत आपटत जातो. पांढरी भिंत सुमारे ८० टक्के उजेड परत करते, मध्यम करडा ग्रॅनाइट ३० टक्के. तीन वेळा आपटल्यावर पांढऱ्या भिंतीवरून निम्मा उजेड शिल्लक राहतो, करड्या भिंतीवरून १०० मधले तीनही उरत नाहीत. पानाचे डाग दिसू नयेत म्हणून गडद दगड लावायचा आग्रह आपल्याकडे नेहमी होतो. डोक्याच्या उंचीपर्यंत गडद लावा, त्यावर पांढरं ठेवा. एवढ्यावर बहुतेक वाद मिटतात.

५. उष्ण प्रदेशात उजेड घ्यावा, उष्णता वरच अडवावी.

सिंगापूरचं ब्रास बासा स्थानक या बाबतीत माझं सर्वांत आवडतं आहे. वोहा या कचेरीने आखलेलं, एप्रिल २०१० मध्ये सुरू झालेलं, ३५ मीटर खोल. त्याच्या समोर जुन्या शाळेच्या इमारतीत तेव्हा कलासंग्रहालय होतं आणि तिच्या दर्शनी बाजूसमोर काही उभं करणं योग्य नव्हतं. म्हणून स्थानकाचं छत म्हणून जमिनीलगत उथळ पाण्याचं तळं केलं, त्याचा तळ काचेचा. रस्त्यावरून बघणाऱ्याला शांत पाणी आणि त्यात जुन्या इमारतीचं प्रतिबिंब दिसतं. खालून येणाऱ्याला डोक्यावर पाण्यातून गाळलेला, किंचित हलणारा उजेड दिसतो. पाणी उष्णतेचा मोठा वाटा शोषून घेतं, त्यामुळे विषुववृत्ताजवळचं ऊन असूनही आत भट्टी होत नाही. विमानातून उतरून थकलेल्या अंगाने मी पहिल्यांदा तिथे गेले आणि सरकत्या जिन्यावर लोकांना वर मान करून बघताना पाहिलं. रोजचे प्रवासी होते ते, कामावर निघालेले.

पुण्यात किंवा नागपुरात पाण्याचं तळं परवडणार नाही. उन्हाळ्यात टँकर मागवून स्थानकाचं छत भरणं मला पटणार नाही. पण काचेवर पांढरे ठिपके छापता येतात, काचेच्या वर उभ्या पट्ट्या लावता येतात, आणि सर्वांत सोपं म्हणजे पोकळीचं तोंड उत्तरेकडे कलतं ठेवता येतं. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. चित्रकार त्यांच्या खोलीला तो का मागतात हे सर जे. जे. कला महाविद्यालयाचे जुने स्टुडिओ बघितल्यावर कळतं.

६. पाऊस, धूळ आणि कबुतरं यांची सोय कागदावर असावी.

२६ मे २०२५ रोजी मुंबईत पाऊस लवकर आला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात, बांधकाम चालू असलेल्या दाराच्या बाजूने पाणी शिरलं. तेव्हापासून बैठकांमध्ये कुठल्याही उघड्या जागेचं नाव काढलं की तोच दाखला समोर येतो. भीती खरी आहे आणि तिचं उत्तरही साधं आहे. काच पदपथाच्या पातळीला कधीच ठेवू नये. तिचा काठ पुराच्या पातळीपेक्षा वर उचलावा, काचेला उतार द्यावा, भोवती चर ठेवावा आणि चराचं पाणी स्थानकाच्या पंपावर सोडू नये.

धुळीचं काय? वर्षभर न पुसलेली काच छान नकाशाला निकामी करते. साफ करणाऱ्याला तिथे पोहोचायचं कसं, दोर कुठे अडकवायचा, पाणी कुठून घ्यायचं, हे नकाशावरच दाखवावं, आणि साफसफाईची रक्कम निविदेत वेगळी मांडावी. कबुतरांना काचेखालच्या तुळया फार आवडतात. मग जाळी येते, जाळीवर पिसं आणि घाण साठते, आणि उजेड अडतो. तुळईची वरची कड तिरकी केली की कबुतराला बसता येत नाही. काँक्रीटच्या साच्यात चार पट्ट्या जास्त लावण्याइतकंच काम.

७. अग्निशमनवाले उजेडाच्या विरोधात नसतात.

उंच पोकळीत धूर वर चढतो आणि छताजवळ साठतो. तिथून पंख्यांनी ओढून घेता येतो. त्या वेळात माणसं खालून निघतात. एनएफपीए १३० हे जगभर वापरलं जाणारं मानक फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि सहा मिनिटांत सगळे सुरक्षित जागी पोहोचावेत असं सांगतं. उजेडाची पोकळी धुराचीही पोकळी म्हणून आखली, तर तिच्या बाजूने बोलणारं आणखी एक खातं मिळतं.

८. खाली दिवस काढणाऱ्यांचा विचार आधी करावा.

प्रवासी फलाटावर पाच मिनिटं थांबतो. सुरक्षारक्षक, तिकीट खिडकीवरची मुलगी, फरशी पुसणाऱ्या बायका, स्थानक नियंत्रक हे पाळीच्या पाळी खाली असतात. एका शहरातल्या स्थानकात, पावसाळ्याच्या तोंडावर, फरशी पुसणाऱ्या एका मावशींशी बोलत होते. त्या म्हणाल्या, "बाहेर पाऊस सुरू झाला की आम्हाला लोकांच्या छत्र्यांवरून कळतं. संध्याकाळ झाली ते गर्दीवरून." त्या तक्रार करत नव्हत्या, मी विचारलं म्हणून सांगत होत्या. पण हे ऐकल्यापासून मी बैठकीत प्रवाशांच्या सोयीआधी त्यांचं बोलते.

शरीराचं घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या दिवसाच्या उजेडावर लागतं. त्या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. झोप, भूक, सावधपणा, सगळं त्याच्याशी बांधलेलं. महिनोन् महिने जमिनीखाली पाळी करणाऱ्या माणसाला त्या उजेडापासून तोडणं ही साधी गैरसोय नव्हे. निदान त्यांची विश्रांतीची खोली आणि तिकीट खिडकी तरी पोकळीच्या कडेला असावी. बहुतेक नकाशांत ही खोली यंत्रांच्या मागे, सर्वांत काळोख्या कोपऱ्यात टाकलेली असते, आणि ती हलवायला खर्च काहीच येत नाही. फक्त कुणीतरी आठवण ठेवून हलवावी लागते.

प्रवाशांसाठी उजेडाचा मोठा उपयोग दिशा कळण्यासाठी आहे. भुयारात डावं-उजवं, पुढे-मागे सगळं सारखं दिसतं. जिकडे दिवसाचा उजेड आहे तिकडे बाहेर जायची वाट, हे वाचता न येणाऱ्यालाही समजतं आणि घाबरलेल्यालाही.

डोळ्यांना सवय व्हायलाही वेळ लागतो. दुपारच्या उन्हात बाहेर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, आत फलाटावर साधारण २००. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना दारातून आत शिरताच पहिल्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि पाय तिथेच चुकतो. उजेड पायरीपायरीने कमी व्हायला हवा. हे शिकवायला मी विद्यार्थ्यांना साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेच्या विहिरीवर नेते. अठराव्या शतकातली ती दगडी विहीर. जिना उतरताना ऊन एकदम तुटत नाही. कमानीखाली सावली, मग पुन्हा आकाश, मग खाली पाणी. जमिनीखाली माणसाला निर्धास्त कसं वाटावं, याचं ज्ञान या मातीत होतंच.

९. वीजबचतीचा मुद्दा मी पुढे करत नाही.

एलईडी आल्यापासून दिव्यांचं बिल स्थानकाच्या एकूण बिलात लहान झालं आहे. मोठा खर्च हवा थंड करण्याचा आणि जिने चालवण्याचा. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स असेल आणि त्यातला एक टक्का फलाटावर पोहोचला, तरी १०० लक्स मिळतात, तेवढे दिवे मंद करता येतात. ते जरूर करावं. पण उजेडाची मागणी रुपयांच्या बचतीवर उभी केली, की कुणीतरी स्वस्त दिवा दाखवून ती पाडतो.

१०. कात्री शेवटी लागते, तेव्हा हजर राहावं.

बर्लिनचं मुख्य रेल्वे स्थानक २००६ मध्ये सुरू झालं. वर काचेचं छत, मधल्या मजल्यांना मोठी भोकं, आणि त्यातून १५ मीटर खालच्या फलाटांपर्यंत दिवसाचा उजेड. तिथेही काम घाईत आल्यावर काचेचं छत ठरल्यापेक्षा आखूड केलं, ४३० मीटरचं ३२१ झालं. आणि भुयारी फलाटांवरच्या कमानदार छताऐवजी सपाट छत बसवलं. वास्तुरचनाकार माइनहार्ड फॉन गेर्कान त्यावरून न्यायालयात गेले आणि २००६ च्या अखेरीस निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे तडजोड झाली. छत मात्र तसंच राहिलं. आपल्याकडे या कात्रीला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्या यादीत स्कायलाइट हमखास वरच्या ओळीत असतं. यादी तयार होते त्या दिवशी रजा घेऊ नये.

बांधून झाल्यावरही धोका संपत नाही. न्यूयॉर्कचं सिटी हॉल स्थानक १९०४ मध्ये काचेच्या झरोक्यांसह उघडलं. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीने त्या काचांना डांबर फासलं, आणि १९४५ मध्ये स्थानकच बंद झालं, कारण नव्या लांब गाड्या तिथल्या वळणदार फलाटाला बसेनात. म्हणजे भुयारी स्थानकात दिवसाचा उजेड ही कल्पना निदान १२० वर्षं जुनी आहे. तिला महागडी नवी हौस म्हणणाऱ्यांना मी हे साल सांगते.

११. नकाशा लोकांनी मागावा.

पुण्याचा स्वारगेट ते कात्रज हा मेट्रो मार्ग भुयारी आहे, त्याचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. अशा मार्गांची जी प्रदर्शनं भरतात, त्यात बाहेरून दिसणाऱ्या दाराचं रंगीत चित्र असतं. तुमच्या भागात असं प्रदर्शन भरलं तर जरूर जा, पण चित्र बघून परत येऊ नका. स्थानकाचा उभा छेद दाखवा म्हणा. दुपारी बारा वाजता फलाटावर उजेड कुठून येणार, कर्मचाऱ्यांची खोली कुठे आहे आणि काच कोण, किती दिवसांनी पुसणार, हे तिथल्या अभियंत्याला विचारा आणि उत्तर नकाशावर बोट ठेवून घ्या. खोदाई सुरू होण्याआधी विचारा.